मुलुंड पडद्यावर का मावेना? संगणकाच्या पडद्याची मापे आणि मराठी अक्षर

१/ #थ्रेड
१९९०च्या दशकात घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या गल्लीबोळांत संगणकवर्ग निघाले. चपला बाहेर काढायच्या, थंडगार खोलीत शिरायचे आणि काळ्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या खुणेसमोर बसायचे. पहिल्याच दिवशी पडद्यावर स्वतःचे नाव उमटवायला मिळे, पण रोमन अक्षरांत. शाळेच्या वहीवर जे नाव बालवाडीपासून देवनागरीत लिहिले, ते यंत्रासमोर वेश पालटून येई. असे का होत होते?

२/ संगणक अमेरिकेत घडला म्हणून, हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. नेमके उत्तर पडद्याच्या मापांत दडलेले आहे. या मापांना ‘व्हिडिओ मोड’ म्हणत. एका ओळीचा हुकूम टंकला की ती मापे बदलत. मात्र त्यांतल्या एकाही मापात मराठी बसत नसे. ही कथा त्या मापांची आहे, आणि कानपूर, पुणे, पवई व जुहू येथे बसून ती वाकवणाऱ्या माणसांची.

३/ ऑगस्ट १९८१. आयबीएम कंपनीने ‘पीसी’ बाजारात आणला. पडद्यासाठी दोन कार्डांपैकी एक निवडायचे होते. एमडीए हे एकरंगी कार्ड केवळ अक्षरे दाखवी, तर सीजीए हे रंगीत कार्ड अक्षरांसोबत ढोबळ चित्रेही दाखवी. दोहोंचा नेहमीचा अक्षरपट सारखाच होता: आडवी ८० घरे, उभ्या २५ ओळी. या ८०चे मूळ संगणकाच्याही मागे जाते. आयबीएमने १९२८ साली आणलेल्या छिद्रकार्डावर ८० उभे रकाने होते. पुठ्ठ्याच्या कार्डाचे माप अर्ध्या शतकानंतर काचेवर अवतरले.

४/ ८० गुणिले २५ म्हणजे २००० घरे. प्रत्येक घरासाठी स्मृतीत दोनच बाइट राखलेले असत. एकात अक्षराचा क्रमांक आणि दुसऱ्यात त्याचा रंग किंवा ठळकपणा. सारा पडदा ४००० बाइटांत मावे. त्या काळी स्मृती महाग होती, म्हणून ही काटकसर शहाणपणाचीच होती. मात्र तिच्या पोटात एक अट होती: एका घरात एकच अक्षर, आणि सर्व घरे एकाच मापाची.

५/ डॉसमध्ये ही मापे बदलण्यासाठी ‘मोड’ नावाचा हुकूम होता. ‘मोड सीओ८०’ म्हटले की रंगीत ८० घरे, ‘मोड बीडब्ल्यू४०’ म्हटले की कृष्णधवल ४० मोठी घरे, ‘मोड मोनो’ म्हटले की एकरंगी पडदा. (येथे हे हुकूम देवनागरीत लिहिले आहेत, यंत्र ते रोमनमध्येच स्वीकारत असे.) घरे रुंद होत, अरुंद होत, रंगीत होत. घराची कल्पना तेवढी ढळत नसे.

६/ आता उपनगरी गाडीत बसून ही घरे तपासू. ‘घाटकोपर’ त्यातल्या त्यात सोपे आहे. ‘अंधेरी’त डोक्यावर अनुस्वार, मात्रा आणि दुसरी वेलांटी. ‘बोरिवली’त पहिली वेलांटी उच्चारात ‘र’च्या नंतर येते, लिहिताना आधी. ‘विक्रोळी’त ‘क’च्या पायाशी ‘र’ बिलगलेला. आणि ‘मुलुंड’! दोन अक्षरांखाली उकार, त्यांतल्या एकाच्या डोक्यावर अनुस्वारही. रोमन अक्षर रेषेत चालते. देवनागरी अक्षराला वरचा मजला आणि तळघर दोन्ही लागतात.

७/ सीजीए कार्डावर एका घरात आडवे ८ आणि उभे ८, असे ६४ ठिपके होते. ‘लुं’ काढायचा तर अनुस्वाराला एक ओळ, मग मोकळी जागा, शिरोरेषा, अक्षराचे अंग, त्याखाली उकार. अंगाच्या वाट्याला तीन-चार ओळी उरतात. तेवढ्यात ‘ल’ ओळखू येणे कठीण. एमडीए कार्डाचे घर ९ बाय १४ ठिपक्यांचे होते. तेथे उंचीची अडचण थोडी हलकी झाली आणि दुसरी पुढे आली.

८/ ही दुसरी अडचण इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे. एमडीएच्या घरातला नववा उभा रकाना, शेजारची अक्षरे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून, रिकामा ठेवलेला असे. अपवाद फक्त १९२ ते २२३ या ३२ क्रमांकांचा. त्यांत प्रामुख्याने चौकटी आखायच्या रेषा होत्या, म्हणून त्यांचा आठवा रकाना नवव्यात उतरे आणि रेषा सलग दिसे. बाकी प्रत्येक अक्षरानंतर फट. म्हणजे शिरोरेषा अक्षराअक्षराला तुटणार. हिशेबाच्या तक्त्याची रेषा अखंड राहावी एवढी काळजी घेणाऱ्या अभियंत्यांपुढे, शब्दाचीच रेषा अखंड असणारी लिपी नव्हती.

९/ आता मोजदाद. अक्षराच्या क्रमांकाला एक बाइट, म्हणून एकूण आकृत्या २५६. मराठीत ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ धरून ३६ व्यंजने घेतली आणि प्रत्येकाची बाराखडी मांडली, तर ३६ गुणिले १२ म्हणजे ४३२ आकृत्या झाल्या. त्यांत स्वर, अंक, विरामचिन्हे आणि रोमन अक्षरे अजून आलेली नाहीत. जोडाक्षरांना तर हातही लावलेला नाही. बाराखडी संपण्याआधीच खण संपले.

१०/ मग अक्षराचे तुकडे का करू नयेत? काना वेगळ्या घरात, वेलांटीचा दांडा वेगळ्या घरात, हे जमते. अडते ते उभ्या दिशेला. अक्षरपटात एका घरात दोन आकृत्या एकमेकींवर ठेवता येत नाहीत. ‘ल’ काढून त्याच घरात नंतर उकार टाकायला गेले, तर ‘ल’ पुसला जातो.

११/ हे कोडे मुंबईने दीडशे वर्षांपूर्वीच पाहिले होते, शिशाच्या खिळ्यांत. खिळाही एक घरच. त्यावर एक आकृती, शेजारी दुसरा खिळा. युरोपीय छापखान्याची ही चौकट देवनागरीला तेव्हाही अपुरी पडली. त्या वेळी मुंबईच्या मुद्रकांनी शोधलेली उत्तरे पाहिली, की संगणकाची पुढची कथा ओळखीची वाटू लागते.

१२/ पहिले उत्तर शिळाछापाचे. दगडावर अक्षर हवे तसे रेखाटायचे आणि त्याचा ठसा घ्यायचा. खिळे नाहीत, घरे नाहीत. सारे पान हेच एक चित्र. गणपत कृष्णाजी यांनी १८४०च्या सुमारास मुंबईत शिळाछाप घातला आणि १८४१ साली त्यावर मराठी पंचांग छापले. खिळ्यांचा छापखाना हा मुद्रणातला अक्षरपट म्हटला, तर शिळाछाप हा चित्रपट, म्हणजे संगणकाच्या भाषेत ‘ग्राफिक्स मोड’. लिपीला पूर्ण मोकळीक, पण प्रत्येक पान नव्याने रेखाटण्याचे कष्ट.

१३/ दुसरे उत्तर खिळ्यांनाच शिस्त लावण्याचे. मुंबईत ‘डिग्री’ पद्धत रुळली. अक्षराचे अंग मधल्या थरात, मात्रा-अनुस्वार वरच्या थरात, उकार खालच्या थरात, असे खिळे रचायचे. कोलकात्याकडच्या ‘अखंड’ पद्धतीत मात्रा-उकारांसह पूर्ण अक्षर एकाच खिळ्यावर ओतलेले असे. एकीत जुळाऱ्याचे श्रम वाढत, दुसरीत खिळ्यांचे खण वाढत. फुकट काहीच नव्हते.

१४/ तिसरे उत्तर लिपीलाच कात्री लावण्याचे. टिळकांनी ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या घटवण्याचा खटाटोप केला. सावरकरांनी इ, ई, उ, ऊ यांऐवजी ‘अ’चीच बाराखडी सुचवली. हेतू देशहिताचाच होता. तरी प्रश्न उरतो: यंत्र लिपीच्या मापाने घडवायचे, की लिपी यंत्राच्या मापाने छाटायची? संगणकासमोर हाच प्रश्न नव्या वेशात उभा राहिला. डिग्री पद्धत पडद्यावर आणायची म्हटली, तर एका मराठी ओळीला तीन ओळी लागतील आणि २५ ओळींच्या पडद्यावर जेमतेम ८ ओळी उरतील.

१५/ तिकडे युरोपच्या भाषांची सोय होत होती. १९८४च्या ईजीए कार्डापासून अक्षरांच्या आकृत्या बाहेरून भरता येऊ लागल्या. १९८७च्या डॉस ३.३मध्ये ‘मोड कॉन कोडपेज सिलेक्ट=८५०’ असा हुकूम दिला, की पश्चिम युरोपच्या भाषांची अक्षरे पडद्यावर येत. ८६३ म्हणजे कॅनडातील फ्रेंच, ८६५ म्हणजे नॉर्डिक भाषा. गोव्यावर साडेचारशे वर्षे राज्य केलेल्या पोर्तुगीजांच्या भाषेला ८६० हा क्रमांक मिळाला. मराठीला, हिंदीला, कोंकणीला त्या यादीत क्रमांक नव्हता. तो केवळ उपेक्षेमुळे नव्हता असे नाही. क्रमांक दिला असता तरी २५६ घरांच्या कोष्टकात देवनागरी जशीच्या तशी मावलीच नसती.

१६/ ही अडचण जाणणारे भारताबाहेरही होते. व्हॅन सुवन्नुकुल या थाई तरुणाला आपला प्रबंध थाई लिपीत संगणकावर लिहायचा होता. थाईतही स्वरचिन्हे अक्षराच्या वर-खाली बसतात. सीजीएचे ठिपके ढोबळ आणि एमडीएची अक्षरे कायमची ठरलेली. शेवटी त्याने १९८२ साली स्वतःचे कार्ड घडवले. ७२० बाय ३४८ ठिपके, प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणे उजळता येणारा. हेच हर्क्युलिस कार्ड. पुढे जगभरच्या पीसींत ते बसले. एका आशियाई लिपीच्या गरजेतून साऱ्या जगाला स्वच्छ पडदा मिळाला, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते.

१७/ भारतात याच सुमारास कानपूरच्या आयआयटीत देवनागरी संगणकावर काम चालू होते. तेथे मोहन तांबे यांनी घडवलेल्या तंत्राला ‘जिस्ट’ हे नाव पडले. १९८८ साली पुण्यात सीडॅक ही संस्था स्थापन झाली आणि जिस्टचे काम तेथे आले. सोबत ‘इस्की’ ही संकेतप्रणाली होती. १९९१ साली तिला आयएस १३१९४ हे भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. तिच्यात पहिल्या १२८ क्रमांकांवर इंग्रजी तशीच ठेवून पुढच्या १२८वर भारतीय वर्ण बसवले होते.

१८/ इस्कीची खरी चतुराई अशी, की तिने आकृत्यांना क्रमांक दिले नाहीत, वर्णांना दिले. ‘लुं’साठी एक खूण नाही, ल, उकार, अनुस्वार अशा तीन खुणा ओळीने. आकृती घडवणे हे कार्डाचे काम. जिस्ट कार्ड पीसीच्या खाचेत बसे. डॉसवरचा कार्यक्रम नेहमीप्रमाणे अक्षरपटात क्रमांक टाकत राही, आणि कार्ड ते वाचून जुळवलेले अक्षर ठिपक्याठिपक्याने रेखाटून पडद्यावर धाडी. कार्यक्रमाला वाटे आपण अक्षरपटात आहोत; बघणाऱ्याला दिसे शिळाछाप. जुळारी आता कार्डात जाऊन बसला होता.

१९/ हे केवळ तांत्रिक कौतुक नव्हते. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४चा. राज्याचा कारभार मराठीत चालावा, हे कायद्याने ठरलेले होते. १९८०च्या दशकात कार्यालयांत संगणक येऊ लागले आणि पडद्यावर मराठी नसेल तर कायदा कागदावर राहून नोंदी इंग्रजीत जातील, अशी वेळ आली. ज्याच्या नावाची नोंद आहे, त्याला ती वाचताच येऊ नये, ही साधी गोष्ट नाही. २००० घरांचा तो पडदा प्रत्यक्षात लोकभाषेच्या हक्काचा प्रश्न बनला होता.

२०/ जिस्टची मर्यादाही त्याच्या रचनेतच होती. मराठी हवी तर प्रत्येक यंत्रात कार्ड हवे. पुढे विंडोजने अक्षरपट मागे टाकला. सारा पडदा कायम चित्रपटातच, म्हणून घरांचे बंधन सुटले. मात्र अनेक टंकविक्रेत्यांनी आपापले क्रमांक ठरवले. एकाच्या टंकात ‘मुलुंड’ लिहिले की दुसऱ्याच्या टंकात रोमन अक्षरांची खिचडी दिसे. पडदा मोकळा झाला आणि संकेत विखुरले. वर्णांना क्रमांक देण्याचा इस्कीचा धडा युनिकोडने उचलला. त्यातील देवनागरीची मांडणी १९८८च्या इस्कीवरूनच घेतली आहे.

२१/ आता उपनगरात परत. अंधेरीच्या पश्चिमेला, जुहूच्या गुलमोहर मार्गाच्या परिसरात एनसीएसटी ही संस्था होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका केंद्रातून १९८५ साली ती स्वतंत्र झाली. २००३ साली सीडॅकमध्ये विलीन झाली. भारतात इंटरनेटची पहिली वीण ज्या अर्नेट प्रकल्पाने घातली, त्यात तिचा सहभाग होता. अक्षरे पडद्यावर कशी घडावीत, याचा शास्त्रीय विचार तेथे एस. पी. मुदूर आणि त्यांचे सहकारी करत होते.

२२/ त्यांच्या सोबतीला एक सुलेखनकार होते, र. कृ. जोशी (१९३६–२००८). पवईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी अध्यापन केले, मग जुहूला आले. बोरूचे वळण ज्याच्या बोटांत आहे असा माणूस ठिपक्यांच्या हिशेबाला बसला, हे महत्त्वाचे. विंडोज २०००सोबत जगभर गेलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांचा. आज सरकारी पत्रात किंवा जुन्या संगणकावर दिसणारे ते काटेकोर अक्षर जुहूच्या या गल्लीतून निघाले, हे तेथून रोज जाणाऱ्यांनाही ठाऊक नसते.

२३/ याच संस्थेने पुढे लिनक्सच्या चित्रपडद्यासाठी ‘इंडिक्स’ प्रकल्प केला. प्रत्येक कार्यक्रमाला वेगळी मराठी शिकवण्याऐवजी पडदा रंगवणाऱ्या मूळ थरालाच भारतीय लिपी शिकवायची, ही त्यामागची दृष्टी. जिस्टने कार्डात केले ते इंडिक्सने आज्ञावलीत करू पाहिले. खालच्या थरात एकदा सोय झाली की वरच्या सगळ्यांना ती आपोआप मिळते, हा विचार दोहोंत समान आहे.

२४/ लिनक्समुळे ‘मोड’चा हुकूम नव्या पिढीच्या हाती आला. संगणक मासिकांसोबत सीडी येत आणि त्या घालून रात्री जागवल्या जात. आरंभाच्या ओळीत ‘व्हीजीए=७९१’ लिहिले की १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचा पडदा मिळे. चित्रपडद्यासाठी ‘मोडलाइन’ नावाची आकड्यांची रांग हाताने भरावी लागे. आकडे चुकले तर पडदा काळा. काचेच्या जुन्या मॉनिटरला तर इजा होण्याची भीतीही असे. पुढे ‘एक्सरँडआर’ या हुकुमाने ती कसरत संपवली.

२५/ पण या कथेला अजून पूर्णविराम नाही. चित्रपडद्याच्या खाली लिनक्सचा काळा अक्षरपडदा आजही आहे. तेथे जास्तीत जास्त ५१२ आकृत्या भरता येतात. जुन्या व्हीजीए अक्षरपटात त्यासाठीही उजळ रंगांचा एक बिट खर्ची घालावा लागे. अक्षरे जुळवणारा जुळारी तेथे नाही. ‘मुलुंड’ टंकले तर चौकोन दिसतात, किंवा सुटे-विखुरलेले वर्ण. २००७ साली डेबियनने चित्ररूप इन्स्टॉलर दिला. अनेक भारतीय भाषा त्यातच दिसू शकत. अक्षरपटातील जुन्या इन्स्टॉलरच्या यादीत त्या नसत.

२६/ याचा अर्थ थोडा सावकाश समजून घ्यावा. सारे सुरळीत चालू असते तेव्हा यंत्र मराठी बोलते. पडदा बिघडतो, मापे चुकतात, यंत्र ‘माप आवाक्याबाहेर’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी दाखवून काळे पडते, तेव्हा ज्या तळघरात उतरून हुकूम द्यावा लागतो, तेथे मराठी नाही. दुरुस्तीची भाषा परकीच राहिली. जी भाषा दुरुस्तीला चालत नाही, ती त्या घरात पाहुणी असते. तिला मालकीण म्हणता येत नाही.

२७/ तरीही इतिहास निराश करत नाही. शिळाछाप आधी आला, खिळ्यांना शिस्त नंतर लागली. जिस्टचे कार्ड आधी आले, युनिकोडचा टंक नंतर. मराठी दोन्ही वेळा पहिल्यांदा चित्र म्हणून आत शिरली आणि मग अक्षर म्हणून स्थिरावली. ८० बाय २५ ही निसर्गाची मापे नव्हती. माणसांनी ठरवलेली होती, म्हणून माणसांना ती बदलता आली. शेवटचा काळा पडदाही माणसांनीच ठरवलेला आहे.

२८/ संध्याकाळी मुलुंडच्या फलाटावर उभे राहावे. इंडिकेटरवर ठिपक्याठिपक्यांनी गाडीचे नाव मराठीत, हिंदीत, इंग्रजीत आलटून-पालटून उजळते. घाईतल्या माणसाला त्यात नवल वाटत नाही, आणि वाटू नये हेच योग्य. पण एखाद्या दिवशी गाडी उशिरा असेल, तर त्या पाटीवरचा उकार नीट पाहावा. तेवढ्या चार ठिपक्यांना जागा मिळावी म्हणून पुष्कळांना बराच काळ खपावे लागले आहे.

तुमच्या घरी जुन्या संगणकावरची मराठी छापील पाने असतील, तर टाकून देऊ नका. तीही इतिहासाची साधने आहेत. (समाप्त)